घरच्या घरी चित्रमुद्रण

दूरचित्रवाणीचा कार्यक्रम हा एस.टी.च्या गाडीसारखा असतो. ठरलेल्या वेळी तो येतो आणि निघून जातो. तुम्ही थांब्यावर पोहोचला नसाल तर तो तुमच्यासाठी खोळंबत नाही. करमणुकीचा कार्यक्रम हुकला तर फारसे बिघडत नाही. पण हुकलेला कार्यक्रम म्हणजे गणिताचा पाठ असेल तर?

२०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. नेमकी त्याच वेळी वीज गेली किंवा शेतावर जावे लागले, तर त्या दिवसाचा पाठ गेला. ज्या घरात चांगला मोबाइल आणि इंटरनेट होते तिथे काही तरी सोय करता येत होती. ज्या घरात फक्त टी.व्ही. आणि छपरावरची छत्री होती, तिथे काय?

अशा घरातही कार्यक्रम टिपून ठेवता येतो आणि सवडीने, हवा तितक्या वेळा पाहता येतो. त्यासाठी लागणारे साहित्य साधे आहे : छत्री, सेट टॉप बॉक्स आणि एक पेन ड्राइव्ह. छत्री आणि बॉक्स मिळून दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि मोफत वाहिन्यांना दरमहा वर्गणी नसते. एके काळी चित्रमुद्रण हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले काम होते. ते इतके स्वस्त कसे झाले? याचे उत्तर थोडक्यात असे : आजचा रेकॉर्डर चित्र काढतच नाही. तो आकाशातून आलेले आकडे फक्त जपून ठेवतो. हे कसे घडते ते समजले, की असा रेकॉर्डर घरी बसवणे आणि त्याच्या खोड्या ओळखणे, दोन्ही सोपे होते.

फितीचे दिवस

१९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दूरचित्रवाणी केंद्रांसाठी पहिला व्यवहार्य चित्रमुद्रक बाजारात आणला. त्याची चुंबकीय फीत २ इंच रुंद होती. घरगुती यंत्रे त्यानंतर बरीच वर्षांनी आली : जपानमध्ये १९७५ साली सोनीचे बीटामॅक्स आणि १९७६ साली जे.व्ही.सी.चे व्ही.एच.एस. तुमच्या आईवडिलांनी लग्नाची ‘व्हिडिओ कॅसेट’ पाहिली असेल ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची.

ही यंत्रे महाग का होती? कारण त्या वेळचे चित्र लहरींच्या स्वरूपात असे, आणि त्या लहरी फार वेगाने बदलत. त्या जशाच्या तशा फितीवर उमटवायच्या तर फीत चुंबकी शीर्षासमोरून सेकंदाला काही मीटर वेगाने पळायला हवी. तशी पळवली तर तासाभराच्या कार्यक्रमाला कित्येक किलोमीटर फीत लागेल! यावर तंत्रज्ञांनी नामी युक्ती काढली. फीत सावकाश चालवायची आणि शीर्षच गरगर फिरवायचे. आपल्याकडच्या व्ही.एच.एस. यंत्रात फीत सेकंदाला सुमारे २.३ सेंटिमीटर सरके आणि शीर्षांचे पिंप सेकंदाला २५ फेरे घेई. हा सारा खेळ अत्यंत काटेकोर यांत्रिक कामगिरीचा होता. म्हणून यंत्र महाग, नाजूक आणि धुळीला भिणारे. शिवाय प्रतीवरून प्रत काढली की चित्र दर वेळी थोडे पुसट होई.

आजच्या रेकॉर्डरमध्ये फिरणारा एकही भाग नसला तरी चालते. मग तो काय साठवतो?

चित्राचे आकडे

कागदावर चौकटी आखून, प्रत्येक चौकटीला एकच रंग भरून चित्र काढण्याचा खेळ तुम्ही केला असेल. डिजिटल चित्र तसेच असते. आपल्याकडच्या साध्या दूरचित्रवाणीचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ अशा बिंदूंचे मानतात. म्हणजे एकूण बिंदू ४,१४,७२०. प्रत्येक बिंदूचा उजेड आणि रंग सांगायला सरासरी १६ बिट, म्हणजे १६ वेळा ‘० किंवा १’, लागतात असे धरू. सेकंदाला २५ चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला

७२० × ५७६ × १६ × २५ = १६,५८,८८,०००

म्हणजे साडेसोळा कोटींहून अधिक बिट झाले! या हिशेबाने तासाभराचा कार्यक्रम जवळजवळ ७५ गिगाबाइट जागा खाईल. एवढे आकडे आकाशातून पाठवणेही परवडणार नाही. म्हणून ते पाठवण्याआधीच त्यांचे संक्षेपण करतात.

संक्षेपणाची मुख्य कल्पना अशी. बातम्या देणारी व्यक्ती डोळ्यांपुढे आणा. तिच्या मागची भिंत हलत नाही, टेबल हलत नाही. हलतात ते ओठ, पापण्या आणि हात. मग प्रत्येक वेळी अख्खे चित्र कशाला पाठवायचे? एकदा पूर्ण चित्र पाठवावे आणि पुढे ‘मागच्यापेक्षा काय बदलले’ एवढेच कळवावे. शिवाय डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारीक तपशील गाळून टाकावेत. या युक्त्यांनी साडेसोळा कोटी बिटांचे काम ३० लाखांच्या आसपास भागते, म्हणजे पंचावन्नपटींनी कमी! चित्रांच्या संक्षेपणाच्या या रीतींना एम्पेग-२, एम्पेग-४ अशी नावे आहेत. नंतरच्या एम्पेग-४ पद्धतीत तेवढेच चांगले चित्र आणखी कमी बिटांत बसते.

वाहिनी बदलल्यावर चित्र यायला क्षणभर उशीर का लागतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल. बॉक्सला पुढचे ‘पूर्ण चित्र’ येईपर्यंत थांबावे लागते. नुसत्या बदलांवरून चित्र उभे करता येत नाही.

आकाशातून छपरापर्यंत

हे आकडे आपल्याकडे येतात तरी कुठून? प्रसारभारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस होते. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कौरू येथून एरियन अग्निबाणाने सोडण्यात आला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर त्याचे स्थान आहे. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते तितक्याच वेळात तोही एक प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो आणि छत्री एकदा नीट लावली की हलवावी लागत नाही.

पुण्याहून पाहिले तर हा उपग्रह जवळजवळ आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच आहे. नागपूरहून तो १४४ अंशांच्या जवळपास आणि किंचित अधिक उंच, ६० अंशांवर दिसावा. ‘दिसावा’ म्हणायचे एवढेच; डोळ्यांना तो दिसत नाही.

भारतात उपग्रहावरून शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. त्याचे नाव ‘साइट’. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून कार्यक्रम पोहोचले. तेव्हा प्रत्येक गावात तारेच्या जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री उभारावी लागली. आज ६० सेंटिमीटरची पुरते. का बरे? त्या वेळी लहरींची कंप्रता ८६० मेगाहर्ट्झ होती, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. आज कंप्रता ११ हजार मेगाहर्ट्झच्या घरात आहे, आणि तरंगलांबी जेमतेम २.७ सेंटिमीटर. तरंगलांबी लहान असली की लहान छत्रीलाही आपली ‘नजर’ एका दिशेला एकवटता येते. शिवाय आजचे उपग्रह अधिक शक्तिशाली आहेत आणि ग्राहकयंत्रेही अधिक तल्लख आहेत.

छत्रीच्या पुढे दांडीवर एक बोंडासारखा डबा असतो. त्याला एल.एन.बी. म्हणतात. छत्रीने एकवटलेल्या क्षीण लहरी तो मोठ्या करतो आणि त्यांची कंप्रता उतरवतो. इतक्या उच्च कंप्रतेच्या लहरी साध्या केबलमधून काही मीटर गेल्या तरी विरून जातील. म्हणून समजा ११,१७० मेगाहर्ट्झची लहर आली, तर डबा तिच्यातून ९,७५० वजा करून १,४२० मेगाहर्ट्झची लहर खाली धाडतो. गंमत म्हणजे या डब्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवतो. लहरींच्या कोणत्या कंपनदिशेची निवड करायची, उभ्या की आडव्या, हेही डब्याला त्या दाबावरूनच समजते.

टपालगाडी आणि तिचा छाननीकार

आता मुख्य गोष्ट. उपग्रहावरून येणारी एकेक लहर एकच वाहिनी आणत नाही. एका लहरीवर दहा-पंधरा वाहिन्यांचे आकडे एकत्र मिसळून येतात. ते वेगळे कसे करायचे?

रेल्वेच्या टपालगाडीची आठवण करा. डब्यात अनेक गावांची पाकिटे एकत्र असतात. छाननी करणारा कर्मचारी फक्त पत्ता पाहतो आणि पाकीट योग्य खणात टाकतो. आत काय लिहिले आहे हे त्याला वाचावे लागत नाही. डिजिटल प्रक्षेपणातही हेच चालते. सगळे आकडे १८८ बाइटांच्या पाकिटांत भरलेले असतात. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला असतो : षोडशमान पद्धतीत ४७, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ७१. ही पाकीट सुरू झाल्याची खूण. तिच्या मागोमाग ओळखक्रमांक येतो. त्यासाठी १३ बिट राखलेले असल्याने २^१३ म्हणजे ८,१९२ वेगवेगळे क्रमांक होऊ शकतात. एखाद्या वाहिनीच्या चित्राचा क्रमांक निराळा, आवाजाचा निराळा. शून्य क्रमांकाच्या पाकिटांत अनुक्रमणिका असते; कोणत्या वाहिनीची माहिती कोणत्या क्रमांकाच्या पाकिटांत पाहायची हे तिथे सापडते.

तुम्ही सह्याद्री वाहिनी लावली, की बॉक्स त्या वाहिनीच्या क्रमांकांची पाकिटे बाजूला काढतो, उलगडतो आणि पडद्यावर चित्र काढतो. आणि तुम्ही ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले, की काय करतो? तीच पाकिटे, न उलगडता, एकामागून एक पेन ड्राइव्हवर ठेवून देतो. बस्स! सेकंदाला ३० लाख बिट म्हणजे सुमारे २,००० पाकिटे. हे काम स्वस्तातल्या बॉक्सलाही सहज जमते. अवघड काम, म्हणजे चित्रांचे संक्षेपण, प्रक्षेपण केंद्रातल्या महागड्या यंत्रांनी आधीच करून ठेवलेले असते. आपला रेकॉर्डर स्वस्त आहे तो याच कारणाने.

याचे आणखी दोन परिणाम लक्षात घ्या. पहिला : मुद्रित चित्र मूळ चित्राइतकेच स्वच्छ असते, कारण आकडे तेच असतात. दुसरा : ज्या बॉक्सला एकच ग्राहक-मंडल आहे तो एका वेळी एकाच लहरीवर बसू शकतो. म्हणून एक वाहिनी मुद्रित होत असताना त्याच लहरीवरची दुसरी वाहिनी पाहण्याची सोय काही बॉक्सांत असते. दुसऱ्या लहरीवरची मात्र पाहता येत नाही.

जुळवाजुळव

बॉक्स विकत घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा. बॉक्स एम्पेग-२ आणि एम्पेग-४ या दोन्ही पद्धती वाचतो का? यू.एस.बी.ची खोबण आहे का? त्या खोबणीतून मुद्रण होते, की नुसती गाणी आणि फोटो दिसतात? आणि ठरावीक वेळी आपोआप मुद्रण सुरू करण्याची सोय आहे का? शक्य तर दुकानातच दोन मिनिटांचा कार्यक्रम मुद्रित करून पाहावा. काही बॉक्स आपल्याच खास पद्धतीने धारिका लिहितात. ती दुसऱ्या बॉक्सवर किंवा संगणकावर उघडत नाही. हेही तिथेच तपासून घ्यावे.

छत्री लावण्याचे काम वडीलधाऱ्या माणसांच्या सोबतीनेच करावे. छपराच्या कडेला एकट्याने जाऊ नये. जागा अशी निवडावी की आग्नेयेकडचे आकाश मोकळे असेल. झाड किंवा भिंत किती दूर हवी? उपग्रह ५९ अंश उंच असल्याने, छत्रीपेक्षा १० मीटर उंच असलेले झाड ६ मीटरहून अधिक दूर असले तर आड येत नाही. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी हा हिशेब पडताळून पाहावा. दिशा होकायंत्राने ठरवता येते, पण होकायंत्र लोखंडी खांबापासून दूर धरावे.

छत्रीकडे पाहून एक घोटाळा होतो. तिचा चेहरा उपग्रहाच्या बराच खाली रोखलेला दिसतो. कारण या छत्र्यांत डबा मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, आणि छत्री लहरी तिरप्या परावर्तित करते. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. छत्रीमागच्या पट्टीवरचे अंश पाहा. केबल जोडून बॉक्सच्या पडद्यावर ‘सिग्नल क्वालिटी’चा आकडा उघडा. मग छत्री बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचे, आकडा पाहायचा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर तीनएक अंशांचीच असते. घाईने फिरवली तर उपग्रह मागे निघून जातो आणि आपल्याला कळतही नाही. आकडा सर्वांत मोठा झाला की नट घट्ट आवळावेत. नंतर डबा त्याच्या पकडीत किंचित डावी-उजवीकडे फिरवून आणखी थोडी वाढ मिळते का पाहावे. केबलचा जोड उघड्यावर असेल तर पाणी शिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी.

साडेपाच तासांचा घोळ

वेळ लावून ठेवलेले मुद्रण फसण्याचे एक मजेदार कारण आहे. बॉक्समधले घड्याळ उपग्रहावरून येणाऱ्या वेळेच्या पाकिटांवर चालते. ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. बॉक्सच्या मांडणीत ‘+५:३०’ हा फरक भरला नसेल, तर सायंकाळी साडेसातला बॉक्स दुपारचे दोन वाजलेले दाखवतो. त्याला ‘साडेसातला मुद्रण कर’ म्हणून सांगितले, तर तो इमानेइतबारे रात्री एक वाजता सुरुवात करील! म्हणून पहिल्या दिवशी बॉक्सचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावे.

कार्यक्रमही नेहमी मिनिटाच्या काट्यावर सुरू होत नाहीत. मुद्रण पाच मिनिटे आधी सुरू करावे आणि दहा मिनिटे उशिरा थांबवावे. बॉक्स रिमोटने झोपवला तरी चालतो, पण भिंतीवरचे बटण बंद करू नये. वीजच नसेल तर घड्याळ कोणाला उठवणार?

पेन ड्राइव्हची काळजी

किती जागा लागते याचा हिशेब करू. सेकंदाला ३० लाख बिट म्हणजे तासाला ३० लाख × ३,६०० ÷ ८ = १३५ कोटी बाइट, अर्थात १.३५ गिगाबाइट. ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सुमारे २३ तासांचे कार्यक्रम मावतील. चाळीस मिनिटांच्या पाठाला ०.९ गिगाबाइट धरले, तर पस्तिसेक पाठ! उच्च दर्जाच्या, म्हणजे एच.डी., चित्राला अर्थात याहून जास्त जागा लागेल.

पण मध्येच एक अडसर येतो. पुष्कळ पेन ड्राइव्ह ‘फॅट-३२’ नावाच्या मांडणीत येतात. तिच्यात धारिकेची लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे. म्हणून एकच धारिका २^३२ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटांहून लहानच असावी लागते. वरच्या वेगाने सव्वातीन तासांच्या आतच ही मर्यादा गाठली जाते. चांगला बॉक्स तिथे नवी धारिका सुरू करतो. साधा बॉक्स मुद्रणच थांबवतो. तुमचा बॉक्स एन.टी.एफ.एस. किंवा एक्सफॅट ही मांडणी वाचत असेल तर ती वापरावी. मांडणी बदलताना आधीची सगळी माहिती पुसली जाते, हे विसरू नये.

मुद्रण चालू असताना वीज गेली तर? पाकिटे लिहून झालेली असतात, पण ‘ही धारिका इथे सुरू होते आणि इथे संपते’ ही नोंद राहून गेलेली असू शकते. पुस्तक छापून झाले, पण अनुक्रमणिका लावायची राहिली, अशी ही अवस्था. म्हणून चालू मुद्रणात पेन ड्राइव्ह उपसू नये. पुष्कळ बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. तुमचा तसा असेल, तर त्या दाबाचा लहान बॅटरीसंच लावून भारनियमनातही मुद्रण चालू ठेवता येते. बॉक्सवर छापलेला दाब आणि तारेची धन-ऋण बाजू मात्र जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी.

पेन ड्राइव्हमध्ये माहिती साठते ती अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. पुन्हा पुन्हा पुसून लिहिल्यावर हे कप्पे थकतात. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून नंतर पाहण्याची ‘टाइम शिफ्ट’ नावाची सोय काही बॉक्सांत असते. ती चालू ठेवली तर बॉक्स अखंड लिहीत राहतो. म्हणून गरज नसताना ती बंद ठेवावी, आणि महत्त्वाच्या पाठाची दुसरी प्रत संगणकावर करून ठेवावी.

पाऊस आणि पहारेकरी

कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत मुद्रण करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात, मग पडदा गोठतो. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे, आणि लहरीची लांबी २.७ सेंटिमीटर. दोन्ही आकार इतके जवळ आले की थेंब लहरींची शक्ती शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. ‘साइट’च्या ३५ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना पावसाची अशी बाधा जवळजवळ नव्हती. लहान छत्रीच्या सोयीसाठी आपण ही किंमत मोजतो.

तरीही हलक्या पावसात चित्र निर्दोष राहते, याचे श्रेय ‘पहारेकरी’ बाइटांना आहे. उपग्रह प्रक्षेपणाच्या मूळच्या पद्धतीत १८८ बाइटांच्या प्रत्येक पाकिटामागे तपासणीचे १६ बाइट जोडतात. त्यांच्या मदतीने बॉक्स पाकिटातले ८ पर्यंत बिघडलेले बाइट स्वतः दुरुस्त करतो. मर्यादा ओलांडली की मात्र पाकीट वाया. म्हणून डिजिटल चित्र जुन्या चित्रासारखे हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. ते चांगले असते, आणि एकदम नाहीसे होते. छत्री नीट लावून सिग्नलचा आकडा दोन घरे वाढवून ठेवला, तर तेवढाच पाऊस जास्त सोसतो.

शैक्षणिक वाहिन्यांच्या बाबतीत आणखी एक उपाय आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांची योजनाच अशी आखली होती, की रोज किमान चार तासांचा नवा मजकूर दाखवायचा आणि दिवसात आणखी पाच वेळा तो पुन्हा दाखवायचा. पुढे मे २०२० मध्ये पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी देणारी ‘पीएम ई-विद्या’ योजना जाहीर झाली. ज्या वाहिनीवर पुनःप्रक्षेपण होते, तिथे एकच पाठ दोनदा मुद्रित करायला सांगावे. सायंकाळचा पावसाने बिघडला तर रात्रीचा हाती लागेल.

संगणकाचा रेकॉर्डर

शाळेत जुना संगणक किंवा तळहाताएवढा रास्पबेरी पाय असेल, तर बॉक्सऐवजी त्यालाच रेकॉर्डर करता येते. उपग्रहाच्या लहरी घेणारा यू.एस.बी. ट्यूनर त्याला जोडायचा आणि ‘टीव्हीहेडएंड’सारखा मोफत कार्यक्रम त्यात भरायचा. मग वाहिन्यांची वेळापत्रके पाहून मुद्रण लावता येते आणि शाळेतल्या जाळ्यावर दुसऱ्या संगणकावर ते पाहताही येते. ट्यूनर घेण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो का हे नक्की करावे. हे न पाहिल्याने पैसे वाया जाण्याचा संभव फार. पहिल्याच प्रयत्नाला बॉक्सच बरा. संगणकाची वाट ज्यांना आतले यंत्र समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी.

टिपावे, पण विकू नये

घरी कार्यक्रम मुद्रित करणे योग्य की अयोग्य, हा वाद फितीच्या काळीही रंगला होता. अमेरिकेत चित्रपट कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण रास्त आहे, असा निकाल दिला. तोही पाचास चार अशा निसटत्या मताधिक्याने. आपल्याकडचा १९५७चा कायदाही खाजगी वापर आणि अभ्यास यांसाठी रास्त वापराची मुभा देतो. मात्र प्रती काढून विकणे किंवा पैसे घेऊन दाखवणे हा गुन्हा होऊ शकतो. वर्गात दाखवायचे असेल तर शिक्षकांनी त्या कार्यक्रमाच्या अटी आधी पाहाव्यात.

करून पाहा

१. दहा मिनिटांचे मुद्रण करा आणि संगणकावर धारिकेचा आकार पाहा. तो २२,५०,००,००० बाइटांच्या आसपास असेल, तर सेकंदाला किती बिट आले?

२. बॉक्स साधी टी.एस. धारिका लिहीत असेल, तर तिच्या बाइटांच्या संख्येला १८८ने भागा. बाकी शून्य येते का? मग बाइट उघडे करून दाखवणाऱ्या एखाद्या कार्यक्रमात ती धारिका पाहा. दर १८८ बाइटांनंतर ४७ भेटतो का, ते मोजा.

३. बातम्यांची दहा मिनिटे आणि खेळाच्या सामन्याची दहा मिनिटे वेगवेगळी मुद्रित करा. कोणती धारिका मोठी झाली? सामन्यात मैदान, प्रेक्षक आणि कॅमेरा सारेच हलत असतात. संक्षेपणाची युक्ती आठवून कारण लिहा. दोन्ही वाहिन्यांच्या आकारांत फरक पडलाच नाही, तर त्याचेही एक कारण असू शकते : केंद्राने त्या वाहिनीला ठरावीक बिटच वाटून दिले असतील.

४. पावसाळ्यात रोज एकाच वेळी सिग्नलचा आकडा आणि पावसाचा जोर वहीत टिपा. महिन्याभराने दोन्हींचा आलेख काढा.

चौथ्या प्रयोगाला पैसा लागत नाही. लागते ती एक वही आणि चिकाटी. तुमच्या गावात किती जोराच्या पावसाला चित्र जाते, हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ते तुमच्या वहीतच सापडेल, आणि पुढच्या वर्षी छत्री कुठे आणि केवढी लावावी हे शाळेला त्यावरून ठरवता येईल.